दाभणाची खूण

निमगडच्या दप्तरखान्यात एक लाख चौदा हजार रुमाल होते आणि त्यांतला कुठला कुठे आहे हे सांगायला द्वारकाबाई शिंगट्यांना यादी लागत नसे. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. संस्थानाच्या काळापासून सरकारी कागदांचा गठ्ठा मांजरपाटाच्या चौकोनी फडक्यात ठेवून, चारी टोकं वर आणून गाठ मारायची रीत. त्या बांधलेल्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणायचं. गाठ पाहिली की द्वारकाबाई सांगत, हा आमच्या मामंजींच्या हातचा, हा त्यांच्या आधीच्या डावखुऱ्या माणसाचा, आणि हा गबाळा दिसतोय ना, तो मी बाळंतपणाच्या रजेवर होते तेव्हा कुणीतरी बांधलाय.

शाळा दुसरीपर्यंत. नवरा गेला तेव्हा लेक पोटात होती. त्याच्या जागेवर त्या दफ्तरी म्हणून लागल्या. कागद मांडणीवरून काढून आणायचा, फाटला तर शिवायचा, परत बांधायचा, एवढं दफ्तऱ्याचं काम. वाचायचं काम कारकुनाचं. नवऱ्याच्या आधी सासरे ज्ञानू शिंगटे संस्थानचे दफ्तरी होते. त्यांनीच सुनेला गाठ मारायला शिकवलं, दाभण धरायला शिकवलं. चौतीस वर्षं नोकरी करून द्वारकाबाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या समारंभात साहेबांनी बोला म्हटल्यावर त्या एकच वाक्य बोलल्या होत्या, "माझ्या हातनं एक कागद हरवला न्हाई की चुकला न्हाई. आता तुमचं तुमी बघा."

त्याला नऊ वर्षं झाली. आणि आता राज्यातलं सगळं जुनं दप्तर एका प्रचंड मेनफ्रेमवर चढवायचं ठरलं. त्या मेनफ्रेमचं नाव 'महादप्तर'. पहिला जिल्हा निमगड. आणि त्या कामावर मुंबईहून मुख्य अधिकारी म्हणून आली कोण? उज्ज्वला शिंगटे. द्वारकाबाईंची लेक.

गल्लीत ही बातमी कुणी विचारायच्या आधीच पोचली होती. "आमच्या उजीच्या हाताखाली अठरा इंजिनेर हायत," द्वारकाबाई भाजीवालीलासुद्धा सांगत. "अठरा! आणि त्यातल्या एकालाबी मेथी निवडता येत न्हाई."

रुमाल ओळखून यंत्राकडे द्यायला माहितगार माणूस हवं म्हणून त्यांना रोजच्या हजेरीवर परत बोलावलं गेलं. लेकीनं बोलावलं नव्हतं, कलेक्टर कचेरीनं बोलावलं होतं, हे त्या आवर्जून सांगत.

यंत्र पाहिलं तेव्हा मात्र त्या त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आल्या होत्या. पांढरा, बैलगाडीएवढा लांब बोगदा. एका टोकानं बांधलेला रुमाल आत जायचा, दुसऱ्या टोकानं तसाच बांधलेला बाहेर यायचा. गाठ सोडायची नाही, पान उलटायचं नाही, आणि आतला शब्द न् शब्द पडद्यावर.

"हे कसं गं?" त्यांनी विचारलं होतं.

उज्ज्वलानं कॉलेजच्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात त्याच जातीचे किरण. पण हाड आणि मांस वेगळं दिसतं तशी काजळाची शाई आणि कागद वेगळे दिसत नाहीत, कारण दोन्ही शेवटी कोळशाचे भाऊबंद. मग करायचं काय? तर शाई कागदावर वाळली की तिचा थर राहतो, केसाच्या शंभराव्या भागाइतका उंच. किरण त्या थरातून जाताना किंचित मागे पडतो, बांधावरून उडी मारणारं माणूस सपाटीवरच्या माणसापेक्षा मागे पडतं तसा. यंत्र ते मागे पडणं मोजतं. रुमालाभोवती फिरत हजारो बाजूंनी मोजतं आणि त्या आकड्यांतून आतलं एक एक पान सुटं करतं. मग दुसरी प्रणाली मोडी अक्षरं वाचते. तिसरी डागडुजी करते: ओल लागून पसरलेली शाई, वाळवीनं खाल्लेल्या कडा, कसरीनं पाडलेली भोकं, सगळं बुजवून पान नव्यासारखं करते. असं स्वच्छ झालेलं पान महादप्तरात जातं. मूळ आकडे इतके अफाट असतात की ते आठवड्यानं पुसून टाकतात.

"म्हंजे ह्याला सगळं दिसतं?"

"सगळं, आई."

"मग बरंय," द्वारकाबाई म्हणाल्या. आठ महिने त्या रुमाल देत राहिल्या आणि ह्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. सगळं दिसतं म्हटल्यावर बोलायचं काय?

महादप्तर नुसतं साठवत नव्हतं. वाचलेला प्रत्येक कागद दुसऱ्या प्रत्येक कागदाशी ताडून बघत होतं. कुठला हुकूम निघाला, कुठला अमलात आला, कुठला राहून गेला. शंभर वर्षांत सरकारला जे वाचायला सवड झाली नव्हती ते यंत्रानं आठ महिन्यांत वाचलं. आणि नवा कायदाच तसा होता, की राहून गेलेला हुकूम सापडला तर महादप्तरानं स्वतःच नोटीस काढायची. जिल्ह्याचं दप्तर पूर्ण चढलं असं मुख्य अधिकाऱ्यानं प्रमाणित केलं की नोटिसा पक्क्या. त्यानंतर कागदाला पुराव्याची किंमत नाही. कागद लगद्यासाठी गिरणीत.

निमगडचं प्रमाणपत्र शुक्रवारी व्हायचं होतं. मुंबईहून सचिव येणार होते. सही झाली की उज्ज्वला साऱ्या राज्याच्या महादप्तराची प्रमुख होणार, हे आता गुपित राहिलं नव्हतं. निदान द्वारकाबाईंच्या गल्लीत तरी.

मंगळवारी दुपारी धुळा झोरे दप्तरखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडी, हातात फोन पुढे धरलेला, जणू त्यात विंचू आहे.

"मावशी, जरा बघता का? आमच्या पोरीनं वाचलं, पण मला वाटलं ती चुकली आसंल."

झोरेवाडी पठारावर होती. चाळीस उंबरे, मेंढरं, एक झरा. धुळाचा बाप लोकर घेऊन निमगडला यायचा तेव्हा दप्तरखान्याच्या ओट्यावर भाकरी खायचा, त्यामुळे ओळख जुनी. द्वारकाबाईंनी फोन दूर धरून अक्षरं जुळवली. अर्धवट जुळली. उरलेलं धुळानंच सांगितलं, कारण आता त्याला ते पाठ झालं होतं. संस्थानच्या दरबारानं एकोणीसशे अडतीस साली हुकूम काढला होता: पठार शिकारखान्यासाठी राखीव, झोरेवाडी उठवावी. हुकूम अमलात आलेला दिसत नाही. सबब वाडीवरचे लोक विनापरवाना राहत आहेत. तीस दिवसांत जागा खाली करावी.

"शिकारखाना?" द्वारकाबाई म्हणाल्या. "राजाच न्हाई तर शिकार कोन करनार? कलेक्टर?"

"तेच म्हन्लं मी. तर तिथला सायेब म्हन्ला, जमीन आता सरकारची. मावशी, माझा आज्जा तिथं जन्मला. नव्वद वर्सांत कुनी शब्द काढला न्हाई आन् आता काढला तो फोननं!"

"तू बस हितं. पानी पी."

त्या थेट उज्ज्वलाच्या काचेच्या खोलीत गेल्या. आत दोन इंजिनेर होते, त्यांना त्यांनी हातानंच बाहेरची वाट दाखवली.

"झोरेवाडीचा अडतीसचा हुकूम दाखव."

"आई, मी कामात आहे."

"मी पन कामातच हाय. दाखव."

पडद्यावर पान आलं. पांढरंशुभ्र, मोडी अक्षरं काल लिहिल्यासारखी ठसठशीत, खाली दरबारचा शिक्का. द्वारकाबाईंनी अक्षरांकडे बघितलंसुद्धा नाही. त्या उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. चष्मा पुसला, परत बघितलं.

"टोचे कुठं गेले?"

"कसले टोचे?"

द्वारकाबाई बाहेर पडल्या. शिडी ओढली, गाठोडं उतरवलं आणि ज्या रुमालाची गाठ यंत्रानंही सोडली नव्हती ती त्यांनी सोडली. तपासून झालेल्या रुमालाला हात लावायचा नाही अशी पाटी डोक्यावरच होती. पानं उलटत, उलटत एका पानाशी त्यांचं बोट थांबलं. पान घेऊन त्या लेकीपाशी आल्या आणि तिची तर्जनी धरून कोपऱ्यावर टेकवली.

"बघ. डोळ्यांनी नको, बोटानं."

तीन बारीक छिद्रं होती, ओळीत. मागच्या अंगाला कागद किंचित खरखरीत लागत होता.

"हे कसरीनं खाल्लंय, आई."

"कसर ओळीत खाती व्हय गं? तुझ्या इंजिनेरांची कसर खाती वाटतं!" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हे दाभण हाय. दफ्तऱ्याला सरकारी कागदावर शाईचा ठिपका द्यायची परवानगी नव्हती. कारकुनानं हुकूम रद्द झाल्याचं सांगितलं, की आमी दाभणानं तीन टोचे मारायचे. पुढं कुनी त्या कागदाची नक्कल मागायला आला, की कारकून पयलं कोपरा चाचपायचा. तीन टोचे? मेलेला कागद. नक्कल न्हाई. मामंजी म्हनायचे, कारकून शाईनं बोलतो, दफ्तरी दाभणानं."

"पण रद्द केल्याचा हुकूम असेल ना वेगळा?"

"व्हता की. त्या सालांची आवक-जावक वाळवीनं खाल्ली. एकसष्टचा पूर, खालची खोली, सगळं गेलं. टोचे तेवढे राह्यले."

उज्ज्वला बराच वेळ त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिनं संगणकावर काहीतरी टाइप केलं, वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला. डागडुजीच्या प्रणालीनं निमगडच्या कागदांवरची साडेतीन कोटी भोकं बुजवली होती. कसरीची कुठली आणि दाभणाची कुठली, कुणी विचारलंच नव्हतं.

"आई, आठ महिने तू इथं आहेस. आठ महिने! तू बोलली का नाहीस?"

"तू म्हनलीस सगळं दिसतं!"

त्या संध्याकाळी शिंगट्यांच्या घरात पिठलं निवत गेलं आणि दोघी भांडत राहिल्या.

"समजा, मी मान्य केलं," उज्ज्वला म्हणाली. "सगळे रुमाल परत बोगद्यातून घालायचे. पुन्हा आठ महिने. शुक्रवारी सचिव येणार, त्यांना मी काय सांगू? माझ्या आईनं बोटानं चाचपलं? आई, हा नियम कुठं लिहिलाय ते दाखव. एक ओळ दाखव."

"लिहिता आलं असतं तर टोचलं असतं कशाला?"

"तेच तर! पुरावा नाही."

"चौतीस वर्सं माझ्या हातातनं कागद गेला. त्यो पुरावा न्हाई?"

"कायद्यात नाही." उज्ज्वलानं ताट सरकवलं. "झोरेवाडीपुरती मी नोटीस थांबवायला सांगते. मानवी चूक म्हणून. बाकीचं नंतर बघू."

"आन् बाकीच्या वाड्या? ज्यांचा धुळा हितवर आला न्हाई त्यांचं?"

 त्यावर उज्ज्वलानं जे विचारलं ते द्वारकाबाईंना पिठल्यापेक्षाही गार लागलं. "एवढं मोठं होतं तर मला का नाही शिकवलंस? मी दहा मिनिटांवर शाळेत होते. एकदाही आत येऊ दिलं नाहीस."

द्वारकाबाईंनी भांडी गोळा केली. दारापाशी उभं राहून, पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "धूळ व्हती तिथं. तुला धुळीतनं भाईर काढायची व्हती, आत न्यायची न्हवती." भांडी मोरीत आपटली. "चुकलंच माझं."

आईच्या तोंडून हा शब्द उज्ज्वलानं पहिल्यांदा ऐकला. पण तो भांड्यांच्या आवाजात होता, म्हणून तिनं धरला नाही.

शुक्रवारी दप्तरखान्यात सतरंज्या, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. सचिव देशभ्रतारसाहेब उंच, सडसडीत, कमी बोलणारे. टेबलावर सहीची काचेची पाटी होती. उज्ज्वलानं तिच्यावर अंगठा टेकवला की प्रमाणपत्र झालं. द्वारकाबाईंना मागच्या रांगेत खुर्ची होती. त्यांनी धुळाला शेजारी बसवलं होतं आणि ठेवणीतली जांभळी इरकल नेसली होती.

भाषणं झाली. उज्ज्वला पाटीपाशी गेली. हात पुढे झाला, आणि तसाच राहिला.

"सर," ती म्हणाली, "सहीच्या आधी एक गोष्ट आपल्या कानावर घालायला हवी."

तिनं सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, स्वतःच्या चुकीसकट. द्वारकाबाईंच्या मानेचा ताठा तेव्हा खुर्चीच्या पाठीपेक्षा वर गेला होता. ही पोरगी रात्रभर जागी होती हे त्यांना माहीत होतं. काय ठरवतेय ते माहीत नव्हतं.

देशभ्रतारसाहेबांनी ऐकून घेतलं. "छिद्र कुणीही पाडू शकतो, मॅडम. काल रात्रीसुद्धा."

"म्हणूनच डागडुजी बंद करून ते एक पान पुन्हा तपासते."

झोरेवाडीचा रुमाल बोगद्यात गेला. पडद्यावर पान आलं, ह्या वेळी मळकं, सुरकुतलेलं, जसं होतं तसं. उज्ज्वलानं कोपरा मोठा केला, आणखी मोठा केला. "इथं बघा. कसर कागद खाते, त्यामुळे तिच्या भोकाच्या कडा गुळगुळीत असतात आणि ती एका पानातून दुसऱ्यात तिरकी उतरत जाते. हे तीन फक्त ह्याच पानावर आहेत, खालच्या पानावर नाहीत. इथं कागदाचे तंतू खाल्लेले नाहीत, मागच्या बाजूला ढकललेले आहेत. आणि कडेला हा जो काळा धुरकट पट्टा आहे, तो लोखंडाचा गंज. दाभणाचा. गंज कागदात इतका मुरायला साठ-सत्तर वर्षं लागतात."

खुर्च्यांतून कुजबुज झाली. "म्हंजे दिसतं व्हतं की ह्याला," द्वारकाबाई मोठ्यानं धुळाला म्हणाल्या. "बगायचं कुठं ते सांगनारं मानूस नव्हतं."

देशभ्रतारसाहेब वळले. "आपण त्या दफ्तरी बाई? पुढे या." त्या पुढे गेल्या. "छिद्रं जुनी आहेत हे कळलं. पण त्यांचा अर्थ 'रद्द' असाच, हे फक्त आपण सांगता. आपली मुलगी इथली प्रमुख, शेजारी बसलेले गृहस्थ आपल्या ओळखीचे. मी आपल्या शब्दावर एका जिल्ह्याचं दप्तर थांबवू?"

"थांबवा की."

दोघं-तिघं हसले. साहेब हसले नाहीत. "एकच विचारतो. चौतीस वर्षांत आपल्या हातून चुकीच्या कागदावर छिद्रं पडली का कधी?"

 उत्तर सोपं होतं. ते त्यांनी निरोपाच्या समारंभात दिलं होतं, गल्लीत दिलं होतं, लेकीला हजारदा दिलं होतं. न्हाई म्हटलं की संपलं. आणि हो म्हटलं, तर साहेब म्हणणार, बघा, खुणा चुकतात. आणि झोरेवाडी गेली. त्यांनी धुळाकडे बघितलं. तो घोंगडीची दशी बोटाला गुंडाळत होता.

"एकदा," द्वारकाबाई म्हणाल्या.

उज्ज्वलानं झटकन मान वर केली.

"शहाण्णव साल. पावसाळी दिस, कागद ओलीनं एकमेकाला चिकटल्याले. खालचा मारायचा व्हता, मी वरचा मारला. वरचा व्हता कातळवाडीच्या शाळेला दुसरा मास्तर द्यायचा हुकूम. वाचता आलं असतं तर कळलं असतं. गावातनं लोक नक्कल मागायला आले, कारकुनानं टोचे बघितले, म्हनला रद्द झालाय, जावा घरी. वरीसभर त्या पोरांना मास्तर मिळाला न्हाई." त्यांचा आवाज कुठेही हलला नाही, फक्त पदराचं टोक मुठीत गेलं. "वर्सानं रुमाल झाडताना मला घावलं. पाडलेला टोचा बुजवायचा न्हाई, मामंजींचा दंडक व्हता. चुकला तर चौथा मारायचा, तिघांच्या खाली, अंगठ्याच्या नखाएवढं अंतर सोडून, रेकॉर्डकीपरच्या समोर. चौथा म्हंजे 'मी चुकलो, कागद जिता हाय'. मी साहेबासमोर जाऊन मारला. मास्तर मिळाला मग. पन वरीस गेलं ते गेलं."

"तो कागद कुठे आहे?"

"आतली खोली, खिडकीपासची मांडनी, वरनं तिसरा कप्पा, शिक्षणखात्याचा रुमाल. मी हात लावनार न्हाई. माझ्या लेकीनंबी लावायचा न्हाई. तुमचा मानूस पाठवा, आन् गाठ न सोडता बोगद्यातनं काढा. वरच्या कागदावर चार असतील, त्याच्या खालच्यावर तीन. खालचा नंतर मी नीट मारला."

साहेबांचा शिपाई गेला. रुमाल आणला, धूळ झटकली, बोगद्यात ठेवला. यंत्र गुणगुणत राहिलं. चार मिनिटं लागली. द्वारकाबाई उभ्याच होत्या. खुर्ची पुढे केली तर त्यांनी ती परत ढकलली.

पडद्यावर कातळवाडीचा हुकूम उमटला. उज्ज्वलाऐवजी साहेबांनीच उठून कोपरा मोठा केला. तीन छिद्रं ओळीत. खाली, नखाएवढं अंतर सोडून, चौथं. त्यांनी पुढचं पान काढलं. तीन.

ते मग महादप्तराकडे वळले. "कातळवाडीच्या दुसऱ्या शिक्षकाची नेमणूक कधी झाली?"

मशीननं क्षणभरात उत्तर दिलं: हुकूम जुलै शहाण्णव, शिक्षक हजर ऑगस्ट सत्त्याण्णव, तेरा महिन्यांच्या विलंबाचं कारण उपलब्ध नाही.

"कारण हितं उभं हाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

 देशभ्रतारसाहेबांनी चष्मा काढला, परत घातला. "महादप्तरात ह्या खुणेचा अर्थ नव्हता, आणि तरी ह्या बाईंनी सांगितला तसाच तो खरा निघाला. आणि सांगितला तोही स्वतःकडे कमीपणा घेऊन." ते उज्ज्वलाकडे वळले. "निर्णय आपला, मॅडम. अंगठा आपला आहे. राज्याचं वेळापत्रक मी आपल्यासाठी थांबवू शकणार नाही, एवढं लक्षात ठेवा. पुढचे जिल्हे दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागतील."

उज्ज्वला पाटीपाशी गेली. हिरव्या चौकोनावर 'प्रमाणित' होतं, त्याच्या शेजारी कुणी कधी वापरला नसेल असा करडा चौकोन. तिनं करड्यावर अंगठा ठेवला. निमगडचं दप्तर अपूर्ण. सर्व नोटिसा तहकूब. कागद हलवू नये.

धुळाच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो बाहेर काढून द्वारकाबाईंपुढे धरला, पण आता तिथे वाचायला कुणाचे डोळे कोरडे नव्हते, म्हणून त्याचा त्यालाच तो अडखळत वाचावा लागला. "वाडी ऱ्हायली, मावशी," तो म्हणाला. आणि मग घोंगडी सावरून, "जातो. मेंढरं एकटी हायत."

गर्दी पांगल्यावर उज्ज्वला आईपाशी आली.

"मला का नाही सांगितलंस कधी? कातळवाडीचं?"

"तू तवा पयलीत व्हतीस. तुझ्या मास्तरनीच्या पाया पडायची मी रोज. का पडती ते तुला सांगत बसू?"

उज्ज्वलानं आईचा हात धरला. दाभण धरून धरून तर्जनीच्या टोकाला पडलेला घट्टा तिनं आयुष्यात पहिल्यांदा नीट चाचपला. "मला शिकव," ती म्हणाली.

काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुढचे जिल्हे कुण्या पाठकांकडे गेले आणि उज्ज्वला शिंगटे निमगडातच राहिली, अठरांपैकी सहा इंजिनेर घेऊन. यंत्राची डागडुजी बंद नाही केली. तिला विचारायला शिकवलं. संशय आला की यंत्र थांबतं आणि पडद्यावर लिहितं, ही खूण कशाची? मग द्वारकाबाई सांगतात आणि उज्ज्वला लिहून घेते. वाकवलेला कोपरा म्हणजे कोर्टात जाऊन आलेला कागद. लाल दोऱ्याचा एकच टाका म्हणजे वारस लहान आहे. डावखुऱ्या दफ्तऱ्याचे टोचे डाव्या अंगाला. आतापर्यंत एक्केचाळीस हजार मेलेले हुकूम सापडलेत, जे यंत्रानं पहिल्या खेपेला जिवंत करून लोकांच्या घरांवर सोडले होते. काही खुणा द्वारकाबाईंनाही ठाऊक नाहीत. तेव्हा त्या तसं सांगतात, आणि महादप्तरात त्या पानापुढे 'अर्थ माहीत नाही, बुजवू नये' असं पडतं. सुरुवातीला हे सांगताना त्या खिडकीकडे बघायच्या. आता पडद्याकडे बघून सांगतात.

परवा गल्लीतल्या कुसुमवहिनी नळावर मुद्दाम थांबल्या. "काय हो द्वारकाबाई, उज्ज्वलाचं मुंबईचं राहिलं म्हणे? सगळ्या राज्याची साहेब होणार होती ना?"

द्वारकाबाईंनी कळशी भरू दिली, काठोकाठ. उचलून कमरेवर घेतली.

"राह्यलं. खोट्यावर अंगठा ठेवला न्हाई माझ्या लेकीनं." त्या दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "माझ्या घरात अंगठा द्यायची पाळी माझ्यापर्यंत व्हती, वहिनी. तिला न देन्याइतकी मी शिकवलीय."